घोंगड्याकडे तोंड करून

रखमाकाकू, देवरामकाका, बुवा, आणि देवळाच्या भिंतीआड बसून ऐकणाऱ्या आयाबहिणींनो,

मला सभेत बोलता येत नाही. म्हणून लिहून आणलंय. सकाळपासून तीनदा कागद नव्याने उतरवला. अडखळलो तर सांभाळून घ्या.

अण्णा जाऊन आज तेरा दिवस झाले. माझ्याआधी चौघे बोलले. अण्णा देवमाणूस होते, पुण्यवान होते, असं म्हणाले. ऐकताना मी सारखा समोरच्या घोंगड्याकडे बघत होतो. तुम्हीही बघत होता. पारावर जागा नाही, माणसं उन्हात उभी आहेत, आणि त्या काळ्या घोंगड्यावर कोणी टेकलेलं नाही.

तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. ग्रामसभेत ज्याच्याबद्दल ठरवायचं आणि जो स्वतः हजर नाही, त्याची जागा म्हणून अण्णा ते घोंगडं अंथरायचे. सगळ्यांचं बोलून झालं की त्याच्याकडे वळायचे आणि विचारायचे, "आमचं बोलनं झालं. आता तुमचं काय म्हननं?"

आणि थांबायचे. नुसते थांबायचे.

ते थांबणं कोणाला सोसायचं? चांगली धीट माणसं चुळबुळ करायची. कुत्रंसुद्धा त्या घोंगड्याला वळसा घालून जायचं. मी कोपऱ्यात ठराव लिहायला बसायचो. माझी मान वर व्हायची नाही.

मागच्या महिन्यातली सभा आठवा. शिवेवर खडी फोडायला आलेल्या माणसांनी तंबू टाकलेले. त्यांचा पाण्याचा टँकर चार चार दिवस येईना. गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या, या देवळामागची एक तेवढी राहिली. घरटी दोन घागरी. त्यातलं त्यांना द्यायचं का?

बुवा, तुम्ही म्हणालात, पाणी नाकारणारा नरकात जातो. देवरामकाका, तुम्ही म्हणालात, गावाचं पाणी बाहेर देणारा गावबुडव्या. दोघांनाही टाळ्या पडल्या. अण्णांनी एवढंच विचारलं, "द्यायचं तर कुनाची घागर कमी करायची? न द्यायचं तर त्यास्नी सांगायला कोन जानार? मला काल वाटलं, न्हाई म्हनावं. आज वाटतंय, व्हय म्हनावं. माझंच माझ्याशी जुळंना."

यावर टाळी कोण वाजवणार?

मग अण्णा घोंगड्याकडे वळले. विचारलं. थांबले. आणि सगळं गप्प झाल्यावर शिवेवरच्या खडीच्या खाणीतले ठोके ऐकू यायला लागले. ठक. ठक. सकाळपासून चालू होते. आपण बोलत होतो तोवर ऐकू आले नव्हते.

देवरामकाका हसून म्हणाले, "अण्णा, घोंगडं ठरावाला हात वर करनार हाय व्हय?" सगळे हसले. हसू विरलं. ठोके चालूच.

मला ते सोसवेना. मी उठलो. मी, सातवी शिकलेला, कधी न बोललेला. रात्रभर घोकलेलं एक वाक्य खिशात होतं. "आपल्या लेकराच्या तोंडचं पाणी काढून परक्याच्या ओंजळीत ओतणं हे पुण्य नव्हे, ते अपत्यद्रोहाचं पाप आहे!"

काय टाळ्या पडल्या, मंडळी! आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी.

टाळ्या थांबल्यावर अण्णा म्हणाले, "वाक्य लई चांगलं हाय, बाळा. पन आमच्याकडं तोंड करून बोललास. आता त्येच घोंगड्याकडं तोंड करून बोल."

मी वळलो. समोर नुसतं घोंगडं. मध्ये थोडं दबलेलं, कोणी बसून असावं तसं. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पाठ असलेलं वाक्य, एक अक्षर निघालं नाही.

तरी ठराव माझ्याच वाक्यावर झाला. विहिरीला जाळी बसली, जाळीला कुलूप लागलं, आणि नीटनेटका मुलगा म्हणून किल्ली माझ्याकडे आली. अण्णा आपल्यावर रागावले नाहीत. कोणाला पापी म्हणाले नाहीत. आपल्या दोन घागरींतली एक उचलून रोज दुपारी तंबूंकडे जायला लागले. घोंगडं खांद्यावर.

तेरा दिवसांपूर्वी वाटेत सापडले ते मलाच. बाभळीखाली टेकलेले. घागर शेजारी सरळ ठेवलेली, काठोकाठ भरलेली. थेंब सांडला नव्हता. आणि घोंगडं समोर अंथरलेलं. त्या माळावर, एकट्या माणसाने, कोणाला विचारायला?

मी ते उचललं तर मधल्या जागी गरम लागलं. ऊन होतं. उन्हानेच तापलं असणार. पण कडा गार होत्या.

ते घेऊन मी अण्णांच्या घरी, रखमाकाकूंकडे गेलो आणि नीट घडी घालायला लागलो. काकू रडत नव्हत्या. म्हणाल्या, "घडी नगं घालू. त्यांचं इचारायचं ऱ्हायलंय." म्हणून आज ते इथे आहे.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी घरात दार लावून ते वाक्य म्हणून बघतो. भिंतीकडे तोंड करून येतं. आरशाकडे तोंड करून येतं.

मला शोकप्रस्ताव लिहायला सांगितला होता. मी लिहिलेला नाही. अण्णांना पुण्यवान म्हटलं की आपण सुटलो, घरी जायला मोकळे. ते पुण्यवान होते का, मला ठाऊक नाही. ते विचार करत होते, आणि तो आपल्यासमोर करत होते, एवढं मी पाहिलं.

ही किल्ली. ती मी घोंगड्यावर ठेवतो. विहीर उघडा असं मी म्हणत नाही. म्हटलं तर तेही भाषणच होईल. पावसाला अजून दोन महिने आहेत. माझ्या घरी तान्हं मूल आहे. पाणी पुरेल का, खरंच मला ठाऊक नाही. पण कुलूप ठेवायचं असेल तर ते कोणीतरी तिकडे तोंड करून म्हणावं. मीही प्रयत्न करीन. आज, सगळ्यांच्या देखत.

शोकसभेत मान खाली घालून उभं राहतात. आज मान खाली घालू नका. समोर बघा. ठोके ऐकू येतील, ते येऊ द्या. कोणी खाकरू नका.

उठा, मंडळी.

अण्णा, आमचं बोलणं झालं. आता तुमचं काय म्हणणं?