पाण्याखालचा बांध

आम्ही भिगवणचे होडीवाले अजून पाण्याला धरणात बुडालेल्या रानांच्याच नावांनी ओळखतो. परवा आबांच्या नातीची तात्यांच्या नातवाशी सोयरीक पक्की करायला दोघे म्हातारे, एकेकाळचे बांधाला बांध लागून असलेले शेतशेजारी, माझ्या होडीतून तात्यांच्या गावी निघाले.

मध्येच तात्यांनी विचारलं, "कुठं आलो रं?"

"चिंचमळ्यावर," मी म्हणालो.

"म्हंजी माझ्या रानात."

आबा उसळले, "तुमचं कसं? बांध अजून म्होरं हाय!"

"न्हाय, मागं राह्यला."

मला राहवेना. मी वाकून बघितलं, तर नुसतं हिरवं पाणी.

"होडी फिरव! मोडली सोयरीक!" आबा ओरडले.

मी वल्हं थांबवलं. तात्या म्हणाले, "बांध तुमी म्हनाल तितं. पोरगी मातर आमची."

आबा मला म्हणाले, "चल. पर हळू, अजून माझंच रान चाललंय."