पोत्याखालचा पिंजरा

मुक्ताबाई : अवं, मिठू पुन्हा थरथरायला लागला बघा. मान बी धरवंना त्याला.

सर्जेराव : थंडी काय कमी हाय का? माझं बी दात वाजत्यात सकाळचं.

मुक्ताबाई : ऊन पार उंबऱ्यात आलंय, आता कसली थंडी? हिवतापवाल्यांनी घर फवारलं त्या दिसापासनं चाललंय हे. मला ठावं हाय आन् तुमाला बी.

सर्जेराव : ठावं हाय तर मनात ठेव. शिरूरची यष्टी आली मगाशी. लालमहंमदचाचा येतील एवढ्यात. इचारलं तर म्हनायचं, तुमची याद काढून सुकला.

मुक्ताबाई : लेकीच्या बाळंतपणाला जाताना इश्वासानं पाखरू माज्यापाशी ठिवून गेलं ते माणूस.

सर्जेराव : आन् भिंतीला भिंत लागून शेजार हाय आपला. एका पोपटापायी त्यात इस्तू घालतीस का? गप ऱ्हा. मी बोलतो.

लालमहंमद : सर्जेराव! हाय का घरात?

सर्जेराव : या चाचा, या. शहाबानो कशी हाय?

लालमहंमद : झ्याक हाय. मुलगी झाली. नाक पार आजीवाणी, लालबीवाणी. मुक्ता बेटी, शहाबानोनं तुला ह्यो खण धाडलाय. म्हनली, माज्या मिठूला संभाळलं काकीनं, त्यांच्या हातातच द्या. घे की. अशी मागं का सरतीस?

मुक्ताबाई : ठेवा तिथं, चाचा. माझं हात वले हायेत.

लालमहंमद : आन् मिठू कुठाय? माझा आवाज आला की बोंबलतो एरवी... या अल्ला! हे काय?

सर्जेराव : सुकलाय जरा. तुमची सवय ना त्याला.

लालमहंमद : मिठ्या. ए मिठ्या. वळख बी देत न्हाई. कवापासनं असा?

सर्जेराव : झालं असतील चार-दोन दिस.

लालमहंमद : मुक्ता, तू सांग. खातोय का?

मुक्ताबाई : भिजली डाळ दिली तर चोचीत धरतो आन् टाकून देतो. पेरूला तर शिवत बी न्हाई.

लालमहंमद : झोपताना एक पाय वर घेतो?

मुक्ताबाई : न्हाई. दोन्ही पाय टेकून, पिसं फुगवून बसतो.

लालमहंमद : ते वाईट. बरं असलेलं पाखरू एक पाय पोटात घिऊन झोपतं. आन् शेपटी बघ, दमाबरोबर कशी वरखाली हुतीया. शहाबानो नांदायला गेली तवा असाच रुसला व्हता. बोलणं टाकलं, खाणं टाकलं. पर असा कापत नव्हता, हां. हे कापणं काय मला उमगंना.

सर्जेराव : आवंदा थंडी जास्त हाय. रुसव्यात थंडी बाधली, दुसरं काय?

लालमहंमद : तसंच असणार. म्हंजी चूक माझीच. पोरगी म्हनली, अब्बा, अजून थांबा. आन् मी बी नातीचं तोंड बघत बसून ऱ्हायलो. हितं ह्यो झुरला.

मुक्ताबाई : तसं नगा म्हनू चाचा.

लालमहंमद : मग कसं म्हनू? अंगावर पीस नव्हतं तवा माज्या पोरीनं, शाबूनं, बोटावर पीठ घिऊन ह्याला भरवलाय. सासरी जाताना माज्या हातात पिंजरा दिला, म्हनली, ह्याला एकला सोडू नका. आता कानाला खडा, पुन्हा शिरूरला जायचं न्हाई. दे ते पोतं हिकडं. पिंजऱ्याला गुंडाळतो, चुलीपाशी ठिवतो. ऊब मिळाली की...

मुक्ताबाई : पोतं नगा! हात लावू नगा त्याला!

सर्जेराव : मुक्ता.

मुक्ताबाई : त्याच्यावर डीडीटी हाय, चाचा. पिंजऱ्यावर बी हाय.

लालमहंमद : कसली डीडीटी?

मुक्ताबाई : हिवतापाची माणसं फवारायला आल्ती. भांडी काढा, धान्य काढा, जनावरं काढा म्हनली. मी सगळं काढलं. गोधड्या काढल्या, वासरू काढलं, लोणच्याची बरणी काढली. अजून काय आत हाय का, म्हनून इचारलं त्यांनी. मी म्हनलं, काय न्हाई. मिठू आढ्याला टांगलेला व्हता.

लालमहंमद : इसरलीस.

मुक्ताबाई : इसरले.

लालमहंमद : पर त्यो ओरडला कसा न्हाई? परकं माणूस दिसलं की घर डोक्यावर घेतो.

मुक्ताबाई : दिसलंच न्हाई त्याला. मी वर पोतं टाकलं व्हतं.

लालमहंमद : का?

मुक्ताबाई : दिसभर 'शाबू, शाबू' करायचा. डोकं उठायचं माझं. अंधार केला की गप बसायचा, म्हनून टाकायची. रोजच टाकायची, चाचा. सांजच्याला पोतं काढलं, तर निम्मा पांढरा झाल्ता. आन् चोचीनं एकेक पीस साफ करत बसला व्हता.

लालमहंमद : म्हंजी पोटात गेलं.

मुक्ताबाई : मी बघत उभी ऱ्हायले. धुवावा तर गारठंल असं वाटलं. कुणाला इचारावं तर तुमाला कळंल असं वाटलं. ह्यास्नी सांगितलं, तर हे म्हनले...

सर्जेराव : बास.

लालमहंमद : एवढे दिस ते तसंच त्याच्या अंगावर?

मुक्ताबाई : व्हय.

लालमहंमद : पाणी तापव. कडत नगं, कोमट. धुतलेलं फडकं आण. सर्जेराव, ह्यो पिंजरा भाईर टाका आन् एखादी बांबूची पाटी द्या मला. आदीच कुणी... ऱ्हाऊ द्या. पाटी आणा.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, परसातल्या लिंबाखाली.)

लालमहंमद : कापायचा थांबला तवा मला वाटलं, उतार पडला. बघतो तर गेलेला.

मुक्ताबाई : बोला मला काय तरी, चाचा. शिव्या द्या.

लालमहंमद : काय बोलू? त्याच्या वरडण्यानं डोकं माझं बी उठायचं.

मुक्ताबाई : शहाबानोला काय सांगणार?

लालमहंमद : वली बाळंतीण हाय. थंडीनं गेला म्हनंन.

मुक्ताबाई : आत्ता काय बी सांगू नगा. पर थंडी म्हनू नगा. ती उठून हिंडाया लागली की मी येते शिरूरला. माज्या तोंडानं सांगते.

लालमहंमद : रडंल पोरगी. तुला घालूनपाडून बोलंल.

मुक्ताबाई : बोलू द्या.

लालमहंमद : सर्जेराव, असं उभं का? लोटा माती.

सर्जेराव : लोटतो... मुक्ता, शिरूरला मी बी येतो. गप ऱ्हा म्हनलं ते मी. तेवढं तरी मला सांगू दे.