सव्वा अंशाची चोरी

जबाब घेतल्याची वेळ : ता. २१, सकाळी १०.४०.

माझे पूर्ण नाव वहीत घेतलेले आहे. घरात, गल्लीत आणि जुन्या कामावर मला अप्पा म्हणतात. वय ७३ वर्षे. धंदा : निवृत्त. त्याआधी चौतीस वर्षे बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन चालवत होतो. राहणार : मुलाच्या घरी, पूर्वी तळमजल्यावर मागच्या खोलीत, गेल्या सहा महिन्यांपासून गच्चीखालच्या खोलीत. कोणी बोलावले नसताना मी आपल्या पायांनी ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की,

माझ्या मुलाने ता. १८ रोजी, घरातील वाइनच्या खोलीत अज्ञात इसम रोज शिरतो, अशी तक्रार दिली आहे. तो अज्ञात इसम मी आहे. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना काल या ठाण्यात दोन तास बाकावर बसवून ठेवले. त्यांचा यात काडीचा संबंध नाही. त्या आणखी तीन घरी स्वयंपाक करतात. एका घरात चोर ठरल्या तर चारही चुली जातील. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये म्हणून मी आलो आहे. म्हणी लिहायच्या नसतात असे हवालदार म्हणाले. मी म्हणालो, जबाब माझा आहे, लिहा.

सदर खोली पूर्वी माझी होती. सहा महिन्यांपूर्वी मुलाने वाइन साठवायची असे ठरवले आणि एक सल्लागार घरी आणला. सल्लागाराने सगळे घर फिरून पाहिले व माझ्या खोलीत येऊन म्हणाला की, हीच उत्तम. भिंती जाड, खिडकी उत्तरेला, ऊन येत नाही, रस्त्याचा आवाज नाही. त्याच कारणांसाठी ती मी घेतली होती. मी त्या वेळी पलंगावर बसलेलो होतो. सल्लागाराने पलंगाची लांबी मोजली.

मुलगा मला म्हणाला, "अप्पा, वरच्या खोलीत हवा छान येते." वरच्या खोलीत हवा येते हे खरे आहे. माझ्या जुन्या तापमापकावर ती दुपारी एकोणचाळीस अंशांची भरते. जिना बावीस पायऱ्यांचा आहे आणि माझा उजवा गुडघा त्यातल्या नऊच मानतो. सून म्हणाली की, चढउतार झाली की व्यायाम होतो. मुलाच्या घरात राहणारा माणूस खोलीवरून भांडत नाही, असे मला तेव्हा वाटत होते.

खोलीचे काम चालू असताना सुताराने प्लास्टिकचा जाड कागद भिंतीला आतून, म्हणजे गार बाजूने लावायला घेतला. मी सांगितले की, हा कागद उष्ण बाजूला लागतो, नाहीतर भिंतीच्या पोटात पाणी धरते. मुलगा म्हणाला, "अप्पा, ते बटाट्यांचं होतं. ही वाइन आहे." मी म्हणालो, "गारव्याला बटाटा काय नि द्राक्ष काय, दोन्ही सारखेच." सल्लागार हसला. पिकते तिथे विकत नाही. तिसऱ्या आठवड्यात भिंतीतून पाणी गळू लागले, लाकडाला बुरशी आली, आणि सगळे उचकटून कागद उष्ण बाजूने लावण्यात आला. ही सुधारणा आपल्याला सुचली, असे सल्लागाराने सांगितले व मुलाने ते मान्य केले. दार आतूनही उघडले पाहिजे, हे मात्र मी भांडून करून घेतले. कोल्ड स्टोरेजला ते लागतेच. दुसऱ्यांदा काम करताना सुतार रोज माझ्याकडून किल्ली मागून नेत असे. काम संपल्यावर ती किल्ली माझ्याकडून कोणी परत मागितली नाही.

खोलीत आजमितीस एकशे बारा बाटल्या आहेत. तापमान तेरा अंश, ओलावा सत्तर टक्के. उजेड चालत नाही. उग्र वास चालत नाही. हादरा चालत नाही, म्हणून त्या भिंतीलगत मी काठी टेकत चालू नये, असे सुनेने मला सांगितले. बाटल्या आडव्या ठेवायच्या असतात, म्हणजे बूच ओले राहते आणि त्यांना आराम मिळतो. आराम हा शब्द सल्लागाराचा आहे. त्यांच्यातल्या चांगल्या बाटल्या दहा वर्षांनी उघडायच्या आहेत. त्या वेळी मलाही एक पेला देऊ, असे सून म्हणाली. मुलाला स्वतःला वाइनने पित्त होते, तो दोन घोट घेऊन पेला नुसता फिरवत बसतो.

गेला दीड महिना मी दुपारी एकच्या सुमारास, मुलगा व सून कामावर असताना, वरून खाली येऊन सदर खोलीत जात असे व चारच्या आत परत वर जात असे. सोबत सतरंजी, स्वेटर आणि कानटोपी नेत असे. दोन मांडण्यांच्या मधल्या जागेत, जिथे पूर्वी माझा पलंग होता, तिथे मी आडवा होत असे. बाटल्यांना मी हात लावला नाही. गारव्याच्या मशीनची निचरा नळी दोनदा तुंबली होती, ती मी साफ केली. तेवढे वगळता मी झोपलो. मला तिथे झोप लागत असे, हे मी लपवत नाही. वर लागत नाही.

बाटल्यांच्या खोलीतले तापमान मुलाच्या मोबाइलवर दिसते. कामावर असतानाही तो ते दर तासाला पाहतो. रोज दुपारी एक ते चार तापमान सव्वा अंशाने चढते, असे त्याच्या लक्षात आले. सल्लागाराने मशीन तपासले, ते ठणठणीत निघाले. तेव्हा मुलाने तक्रार दिली. हवालदार घरी पाहणीला आले, त्या वेळी मी जिन्यावर होतो. त्यांनी विचारले, "किती बाटल्या गेल्या?"

मुलगा म्हणाला, "एकही नाही."

"फुटल्या?"

"नाही."

"मग नेमकं गेलं काय?"

"सव्वा अंश," मुलगा म्हणाला. हवालदारांनी ते लिहून घेतले आणि किंमत काय धरायची ते विचारले.

तो सव्वा अंश माझा आहे हे मला त्याच वेळी कळले होते. आमच्या कामावर आत माल लावणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगाची ऊब शंभर वॅटच्या एका दिव्याइतकी धरून हिशेब करायचा असे. तरीही मी जिन्यावरून परत वर गेलो. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "दुपारी घरात मावशींशिवाय असतं कोण?" मी घरात होतो. मी समोर होतो. तरी बोललो नाही. कारण बोललो असतो तर किल्ली गेली असती. दोन दिवस मी गप्प बसलो आणि त्या दोन दिवसांत मावशींना इथे आणले गेले. याची मला लाज वाटते. तसे लिहा.

आज मी वरीलप्रमाणे सांगितल्यावर ठाण्याच्या साहेबांनी मुलाला बोलावून घेतले. मावशी चौकशीसाठी आधीच हजर होत्या. मुलाने माझे ऐकून घेतले व साहेबांना म्हणाला, "साहेब, हे मावशींना वाचवायला बोलतायत. यांचे गुडघे असे. जेवणसुद्धा वर नेऊन द्यावं लागतं. हे रोज बावीस पायऱ्या उतरतील?"

साहेब मला म्हणाले, "अप्पा, मावशींच्या चोरीवर पांघरूण घालू नका." मी म्हणालो, पांघरूण नव्हे, सतरंजी. साहेब हसले नाहीत.

मुलाने पुरावा म्हणून या महिन्याचा तापमानाचा आलेख छापून आणला होता. तो टेबलावर पसरण्यात आला. रोज दुपारी एकेक उंचवटा आहे. परंतु ता. ६, ७, ८ व ९ या चार दिवशी रेघ सरळ आहे. साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारले, "हे चार दिवस चोर आला नाही. मावशी, तुम्ही रजेवर होता?"

मावशी म्हणाल्या, "या महिन्यात माझा एकही खाडा नाही, साहेब. ताईंनी कॅलेंडरवर मांडलंय, बघा." मुलाने सुनेला फोन लावला. सुनेने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. त्यात ता. ६ ते ९ मावशींच्या नावापुढे रोज बरोबरची खूण आहे. म्हणजे मावशी घरात होत्या आणि चोर नव्हता. मावशींनी पदराने तोंड पुसले.

साहेबांनी मला विचारले, "मग या चार दिवसांत तुम्ही कुठे होतात?"

मी सांगितले की, वर होतो. ताप होता. पहिल्या दिवशी एकशे दोन, तिसऱ्या दिवशी एकशे तीन. खाली उतरणे शक्य नव्हते.

"याला साक्षीदार कोण?"

मी मावशींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मीच गोळ्या आणून दिल्या. चारही दिवस पाणी घेऊन वर जात होते. कोणाला सांगू नका म्हणाले."

मुलगा मला म्हणाला, "अप्पा, तुम्हाला ताप होता?"

मी हो म्हणालो. त्यानंतर त्याने ता. ७ च्या संध्याकाळची एक गोष्ट स्वतःहून साहेबांना सांगितली, ती त्याच्या सांगण्यावरून येथे लिहिली आहे. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने मोबाइल पाहिला आणि सुनेला म्हणाला होता की, दोन दिवस झाले, आता कुठे सगळे सुरळीत आहे. हे त्याचे बोलणे मी वर ऐकले होते. पण मी ते आधी सांगितले नव्हते.

साहेबांनी मुलाला विचारले की, तक्रार चालू ठेवायची का. मुलाने आलेखावरच्या सरळ रेघेवर बोट ठेवले व मला विचारले, "आणखी कधी आजारी होतात?"

मी त्याला सांगितले की, मागच्या महिन्याचा कागद काढून बघ.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. सांगितले तसाच उतरला आहे. किल्ली मी टेबलावर ठेवली आहे.

समक्ष,
(सही) अप्पा