देवाचा लोटा आणि टँकरचे झाकण

मी, राजनंदिनी सुंदरराव काळकुटे, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी, रा. नेकनूर, ता. जि. बीड. आज ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

मी बीडच्या एका खासगी डेअरीत दूध संकलनाचे काम पाहते. आमचे वडवणीचे संकलन केंद्र चंद्रभागाबाई मुळूक चालवतात. महिनाभर त्यांच्याकडून येणाऱ्या टँकरच्या दुधात पाणी निघत होते. मालकांनी बाईंवर ठपका ठेवला व आज संध्याकाळी केंद्र बंद करायचे ठरवले. बाई एकच सांगत होत्या, "म्या थेंब घातला न्हाई."

टँकरच्या झाकणाला आमचे संगणक अभियंता शिवशंकर ढवळे यांनी यंत्र बसवले आहे. वाटेत झाकण उघडले की आमच्या फोनवर भोंगा वाजतो. तो रोज रस्त्यातल्या म्हसोबापाशी वाजायचा, कारण तेथे चालकाने लोटाभर दूध वाहायची आमच्याकडे रीत आहे. महिन्यापूर्वी मी वैतागून निरोप धाडला, म्हसोबा सोडा. मला लोट्यापुरते म्हणायचे होते, त्यांनी ती जागाच यंत्रातून वगळली. ते पुण्याचे, त्यांना म्हसोबा हा चेकनाका वाटला. आमचे संकलन व संगणक हे दोन विभाग म्हणजे अबोला धरलेल्या जावा, त्यामुळे कोणी कोणाला विचारले नाही. तेव्हापासून तेथे झाकण कितीही वेळ उघडे राहिले तरी भोंगा वाजत नव्हता.

काल हे माझ्या ध्यानात आले, तेव्हा मी त्यांना माझ्या स्कूटीवर बसवून म्हसोबापाशी नेले. शेंदूर बघून ते म्हणाले, "मॅडम, देव किती दूध पितो?"

मी म्हणाले, "लोटाभर. म्हसोबा हाय, पैलवान न्हाई."

मग मी लोटा ओतून दाखवला व त्यांनी लागलेला वेळ मोजला. तेवढा वेळ माफ, त्यापुढे भोंगा, असे त्यांनी तेथेच दगडावर बसून यंत्राला शिकवले.

आज दुपारी आम्ही दोघे म्हसोबासमोरच्या टपरीवर बसलो. टँकर थांबला, लोटा वाहून झाला आणि भोंगा असा वाजला की माझा चहा सांडला. आम्ही धावलो. चालक अभिमन्यू नळीने दूध कॅनमध्ये काढत होता. शेजारी पाण्याचा ड्रम भरून तयार होता. तो म्हणाला, "देवाचं हाय."

शिवशंकर म्हणाले, "देवाचं मोजून झालंय."

चालक, नळी व कॅन हजर केले आहेत. केंद्र चालू राहील, असे मालकांनी फोनवर कळवले. मला लई आनंद झाला, हेही लिहून घ्यावे.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, तो मी सांगितला तसाच आहे. बाकावर बसलेल्या चंद्रभागाबाईंनी तो पुन्हा वाचायला लावला व खाली एक ओळ वाढवून घेतली: वडवणीचे दूध चोख आहे.