पोखर्णीतला एच

(परभणीतला फोटो स्टुडिओ. मालक महालिंग आणि कॉम्प्युटर बघणारी निकिता. पोखर्णीच्या शाखेतून शिवानीचा फोन, स्पीकर चालू. परभणी, पाथरी, पोखर्णी या तिन्ही दुकानांची कॉम्प्युटर-मशीनं एकमेकांना जोडलेली.)

शिवानी : न्हाई वो दादा, मशीन चालूच हाय. समोरच बसलेय मी. तरी परभणी न् पाथरी दोन्ही लाल दाखवायलंय.

निकिता : ताई, पिंग केलं का? इकडून उत्तर येतंय?

शिवानी : येतंय की. पण फाईली जाईनात. देवळातल्या लग्नांचं सगळं शूटिंग हितंच अडकलंय, दुसरीकडं कॉपीच न्हाई. पोरींच्या बापांना काय तोंड दाखवू?

महालिंग : बघायलोत आमी, थांब. निकिता, आपला आवाज बंद कर जरा. हां. सापडलं?

निकिता : सापडलं, सर. लाईन चांगली आहे. तिन्ही मशीनं एकमेकांना नावानं ओळखतात, आणि आपल्याकडं पोखर्णीच्या स्पेलिंगमधला एच उडालाय. पाथरीलाही तेच. ताईंचं मशीन ‘मी आहे, मी आहे’ म्हणतंय, आणि आपली दोन्ही म्हणतायत, ‘या नावाचं कुणी आपलं नाही.’ एच घातला की जुळेल. घालू?

महालिंग : एच म्याच काढलाय.

निकिता : चुकून?

महालिंग : चुकून कशाला? विरेशला जाऊन वर्ष न्हाई झालं, अन् त्याची बायको पोखर्णीचं दुकान नावावर करा म्हणायली. लय शहाणी झालीय. दोन मशीनांनी मेलं म्हटलं की तिसरं मेलं, तूच सांगितलंस ना? काढून टाक ते मशीन. मग नवं म्हणून जोड.

निकिता : अहो सर, नवं म्हणून जोडलं की ते आधी पुसलं जातं, मग आपल्याकडचं त्यात भरतं. त्यांची सगळी लग्नं जातील!

महालिंग : जाऊ दे की. लोकांची लग्नं हरवल्यावर कोण चढतंय तिची पायरी?

निकिता : मी नाही करणार. काय माणूस आहात हो तुम्ही! सख्ख्या भावाची बायको आहे ती.

महालिंग : एच तुझ्या पासवर्डनं काढलाय. उद्या बोंब झाली तर नाव तुझंच निघंल. हो बाजूला, ‘नवं जोडा’ मीच दाबतो. हं. कर आवाज चालू.

शिवानी : दादा! हिरवं झालं! दोन्ही हिरवे! पट्टी बी सरकायलीय, फाईली निघाल्या वाटतं!

महालिंग : बघ. उगं घाबरलीस.

शिवानी : लय उपकार झाले, दादा. हे गेल्यापासून तुमीच तर हायेत मला. निकिता, तू का गं गप?

निकिता : ताई...

महालिंग : दमलीय ती. शिवानी, पट्टी पुरी होईस्तोवर मशीन बंद करू नको बरं.

शिवानी : न्हाई दादा. हातसुद्धा लावत न्हाई.