मोटारीच्या खोलीतली खुडूक

न्हाय न्हाय, त्या कोपऱ्यात नका बसू पाव्हणं, तितं गळतंय. हितं या, बाजंच्या पायाशी. आन तेवढं डालगं तुमच्याकडं वढा — व्हय, तेच, कोंबड्या झाकल्यात त्यात — खालची भुई वली झालीय, कोंबडी वल्या भुईवर बसली की दुसऱ्या दिवशी मान टाकती. पोतं सरकवा खाली. दोन्ही हात लावा की, चावत न्हाय ती! मीच केलं असतं, पर माझं डावं अंग गेलंय, संक्रांतीपास्नं ह्या बाजंवर पडून हाय. हिंदुराव म्हणत्यात मला. कारखान्याला ऊस वढायचो, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या — आन आता कूस बदलायची म्हणलं तरी हाक मारावी लागती.

काय म्हणताय? मोठ्यानं बोला, पत्र्यावर गारा वाजत्यात. घरात कुणी न्हाय का? हाय की. पोरगं पुण्याला कंपनीत असतंय, दिग्विजय, आन त्याची आय, म्हंजी आमची मालकीण, रानात गेलीय. येईल आता. तुमी हायवेकडनंच आला न्हवं लुना ढकलत? वाटंत बाई दिसली का कुणी, पोत्याची खोळ घेतलेली? न्हाय. न्हायच दिसायची, तिची वाट मागल्या अंगानं, धरणाच्या पाण्याकडं. मी आपलं सहज इचारलं.

लई हुशार बरं का ती कोंबड्यांच्या बाबतीत. खुराडं हाय ते भायेरच्या भिंतीला, वळवाचं पाणी सरळ आत घुसतं, म्हणून आभाळ काळं दिसलं की तिनं एकेक उचलून घरात आणली, डालग्यात घातली, वर पाटा ठेवला, बोका लई डांबिस हाय आमच्याकडं. आन पिल्ली घातली माझ्या गोधडीत — हे काय हलतंय, पिल्लीच हायत, दचकू नका. नवऱ्याला खुडूक बसवलाय म्हणायचं! हसा, हसा. कोंबडा तेवढा ऐकत न्हाय, त्यो बगा माझ्या पायावर चढून बसलाय. डाव्या पायावर बसतोय लेकाचा, मला त्याचा पत्ता बी लागत न्हाय.

आयला! कडाडली! कुठं पडली ही? जरा खिडकीतनं बगा, माझ्या डोस्क्यामागं हाय ती, माझी मान तेवढी वळत न्हाय. धूर-बिर दिसतोय का पाण्याकडच्या बाजूला? पावसात दिसत न्हाय? बरं. बरं, बसा.

असल्या वाऱ्यात रानात काय काम म्हणताय? खुडूक कोंबडी बसवलीय तिनं अंड्यांवर, धरणाचं पाणी उचलायच्या मोटारीच्या खोलीत. एवढ्या लांब कशाला — आवो, ती हितंच बसवणार व्हती, माझ्या बाजंखाली, मीच नको म्हणलं. वास मारतोय, पिसवा व्हत्यात, रातभर कुरकुर करती, झोप न्हाय — तुला नवरा पायजे का कोंबडी, असं बी म्हणलो. तिनं अंड्यासकट पाटी उचलली डोस्क्यावर आन ठेवून आली तिकडं. भांडतच न्हाय हो ती, भांडली असती तर मी गप तरी बसलो असतो.

आता अंडी उद्या-परवा फुटायची. आन दुपारी आभाळ गडगडाय लागलं. तुमच्यात ठेवत्यात का न्हाय ठावं न्हाय, आमच्यात उबवणीच्या अंड्यांत लोखंड ठेवत्यात. खिळा ठेवा, इळा ठेवा, कायबी. वीज कडाडली की अंडं गदळतं, आतलं पिल्लू मरतं, पर लोखंड जवळ असलं की त्यो दणका लोखंड खातं. तिनं ठेवलं नव्हतं. म्हणली, आवो, एवढी मोठी मोटार हाय की शेजारी, समदी लोखंडाचीच! आन मी — पडल्या पडल्या मला दुसरा काय धंदा? — मी म्हणलं, मोटार येगळी, अंड्यांत पायजे. म्हणली, वारं तरी थांबू द्या. मी म्हणलं, तवर पिल्ली मरतील, मग काय कालवण करती का? जेवत व्हती हो. ताटावरनं उठवली मी तिला. खुरपं घिऊन जा म्हणलं, चांगलं लांब पात्याचं.

काय? हातात लोखंड — व्हय, कळतंय मला! तुमी नका सांगू! मघाधरनं दुसरं काय चाललंय माझ्या डोस्क्यात? मधला समदा माळ हाय, एक झाड न्हाय, आन त्यात ती खुरपं घिऊन चाललीय मी सांगितलं म्हणून. पोचली बी असंल. खोलीत बसली असंल खुडकीपाशी, पाऊस उघडायची वाट बघत. असंल ना? मला लई भ्या वाटतंय पाव्हणं. ह्या घरात माझं काय चालतं तर तिच्यावर वरडणं, तेवढंच चालतं, बाकी हात चालत न्हाय का पाय चालत न्हाय.

जाताय का तुमी? बांधाबांधानं सरळ, पांढरी खोली हाय — न्हाय, नको. एकीला धाडली, आता तुमाला धाडतोय, मी बी काय माणूस हाय. वीज हाय अजून. बसा.

उठलात? खरंच जाताय? मग ती छत्री ठिवा, दांडी लोखंडाची हाय तिची. खुंटीवरची खोळ घ्या. गारा थांबल्यात बगा, नुसतं पाणी हाय. कोंबड्यांची काळजी नको, डालगं तेवढं माझ्या उजव्या हाताशी सरकवा, मी धरून ठेवतो. तुमी नुसत्या हाका मारत जावा.

काय म्हणून मारायची? ... व्हय की. मी तर आजवर नावानं हाक मारली न्हाय, अगं ए, न्हायतर दिग्विजयची आय, आमच्यात रीतच न्हाय. कौसल्या. कौसल्या नाव हाय तिचं. नावानंच मारा, परक्या माणसाला ती एरवी ओ द्यायची न्हाय. कौसल्या म्हणा. आन मोठ्यानं म्हणा, मला हितं ऐकू आलं पायजे. जावा आता, जावा.