आधी बाबांनी वाचायचं

...नाही, म्हणजे मला सांगा, पुस्तकाच्या दुकानात माणसाने उभं तरी किती वेळ राहायचं? कपड्यांचं बरं असतं हो, बाही लांब झाली तर आत दुमडता येते, पुस्तक कुठून दुमडणार? अकरा वर्षांची मुलगी आहे आमची! धड लहान नाही, धड मोठी नाही!

तुम्हाला सांगतो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट डोळे मिटून खाली आणतो. पण ही पोरगीच मध्ये अडकली, तर कुठलं बटण दाबायचं? शाळेतून आली की दप्तर भिरकावते आणि खोलीत जाऊन दार लावते. "काय झालं गं?" "काही नाही." "कुणी काही बोललं का?" "बाबा, प्लीज!" अहो, हीच पोरगी पूर्वी रोज पुस्तक घेऊन माझ्या पोटावर येऊन बसायची, मी कंटाळून एखादं पान गाळलं की तिथल्या तिथे पकडायची! आता माझ्याशी दोन शब्द बोलायचे तर जिवावर येतं तिच्या. मला करमेना. म्हटलं, एखादं छानसं पुस्तक आणू, त्या निमित्ताने तरी बोलेल. तर तिची आई म्हणाली, "आणा, पण जरा पॉझिटिव्ह आणा. आणि आधी तुम्ही वाचा, मग तिच्या हातात द्या." झालं! लागला घोर माझ्यामागे!

दुकानातल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "वय काय मुलीचं?" "अकरा." "अरे देवा!" ...आता हे दुकानवाल्याच म्हणायला लागल्यावर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं? एका फळीवर सगळं गुलाबी. राजकन्या, राजकन्येचं शिंगरू, शिंगराचा मुकुट... नुसता हात लावला तर चमकी लागली शर्टाला, ती अजून निघत नाहीये! दुसरी फळी काळीकुट्ट. पहिल्याच पानावर आई मेलेली! तिच्या शेजारच्या पुस्तकात प्रेम, तेही कुणावर, तर पिशाच्चावर! मी म्हटलं, "बाई, मधलं काही नाही का हो?" तर त्यांनी एक जाडजूड काढलं. "हे घ्या. संस्कारक्षम."

ते नेलं, वाचलं, दोनदा झोप लागली, पण वाईट काही सापडलं नाही म्हणून दिलं तिला. तर दुसऱ्या दिवशी परत माझ्या हातात! "बाबा, ही पहाटे उठते, सगळ्यांना मदत करते, कध्धी चिडत नाही, आणि वर पहिली येते. हिच्याशी कोण बोलत असेल?" आता काय सांगणार कपाळ? धड लहान नाही, धड मोठी नाही!

मग बाईंनीच दुसरं एक दिलं. दोन मैत्रिणींची गोष्ट. मी वाचायला बसलो कुठे? तर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, वेण्या घातलेली मुलगी कव्हरवर! बरोबरचा मिस्त्री डोकावला. "काय रे, घरी सगळं ठीक आहे ना?" कारण मी रडत होतो हो! त्यातली एक मैत्रीण दुसऱ्या घोळक्यात जाते आणि ही बिचारी एकटीच डबा खाते... ग्रीसच्या हाताने डोळे पुसले, ते झोंबायला लागले, मग आणखीच रडलो!

पुस्तक सुरेख. पण हा भाग? हा काय पॉझिटिव्ह? आधीच पोरगी गप्प, त्यात हे वाचून आणखी मिटली तर? मग मी काय करावं? ती चार पानं डिंक लावून एकमेकांना चिकटवून टाकली! कडेकडेने, अगदी सफाईने. कामाचा हात आहे माझा! हसू नका, तुम्हीही हेच केलं असतंत!

तिने काय केलं, माहितीये? पाणी उकळलं, वाफेवर पुस्तक धरलं, आणि अल्लद सोडवली पानं! आली माझ्यासमोर. डोळे लाल. "बाबा, तू चिकटवलंस?"

"छे छे, छपाईतच काहीतरी..."

"पानाला ग्रीसचा वास येतोय."

बोला आता!

"सगळ्या पुस्तकात हेच एवढं माझ्यासारखं होतं," ती म्हणाली. "आणि तू तेच बंद केलंस?"

आणि मग बसली माझ्या शेजारी आणि सगळं सांगितलं. बाकावरच्या मैत्रिणीने जागा बदलली होती. त्या दिवसापासून आमची पोरगी शाळेच्या जिन्यात एकटी डबा खात होती. अहो, मी जे तिच्यापासून झाकत होतो, ते ती रोज डब्याबरोबर गिळून घरी येत होती! आणि मी डिंक घेऊन बसलोय! इतका राग आला ना स्वतःचा!

आता बोलते. इतकी बोलते, की आई म्हणते, "अहो, तिला झोपू द्या." दार उघडंच असतं. जिन्यात डबा खायला तिला आणखी एक जिनेवालीही मिळालीये म्हणे, वरच्या वर्गातली.

तर परवा मी त्या पुस्तकाचा दुसरा भाग आणला. म्हटलं, पद्धतीप्रमाणे आधी आपण वाचू. तर हिने हातातून काढून घेतला! "थांब, आधी मी बघते." म्हटलं बघ बाई. बघितलाही तिने एका दमात. पण द्यायचं नाव नाही! काल विचारलं, आज विचारलं, तिच्या आईकडून विचारवलं... त्या दोघींचं पुढे काय झालं, मला झोप नाही हो इकडे! तर कन्या माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते कशी, "बाबा, तुझ्या वयाला जरा जड आहे रे."